आधी कागद बदला, मग रंगांचं बघू

प्रश्न : नमस्कार सर, मी चिपळूणची. वय ६०. यंदाच पोस्टातून निवृत्त झाले. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिल्या होत्या, पण त्यानंतर ब्रश हातात धरला नव्हता. वाढदिवसाला सुनेनं ४८ जलरंगांचा डबा दिला, तेव्हापासून रोज संध्याकाळी बसते. पण आकाश रंगवायला घेतलं की मध्येच काठ धरलेले डाग उमटतात. झाडांचा हिरवा प्लॅस्टिकचा वाटतो, सावल्या मळकट होतात आणि कागद पापडासारखा वाकतो. सून म्हणते, आई, चांगले इंपोर्टेड रंग मागवू. दुकानदार म्हणतो, रंग उत्तम आहेत, सराव वाढवा. मी तीन हजार रुपये बाजूला ठेवले आहेत, ते कशावर खर्च करू? क्लास लावू का? आणि एखादं चित्र जमलंच तर फ्रेम करून भिंतीवर लावलेलं टिकेल का? तीन चित्रांचे फोटो सोबत पाठवत आहे.
— एक वाचक, चिपळूण

ताई, सप्रेम नमस्कार.

वाशिष्ठीवरचा पूल, गोवळकोटचा तट आणि तांब्यातली अबोली, तिन्ही चित्रं मोठी करून पाहिली. पुलाचे खांब लांब जाताना लहान होत गेलेत ते अगदी बरोबर आहे. तांब्याच्या तोंडाची लंबगोलाकार कड भल्याभल्यांची चुकते, ती तुमची चुकलेली नाही. इतक्या वर्षांनंतरही नजर शाबूत आहे, तेव्हा वयाचा वगैरे विचार करू नका. चित्र बिघडतंय ते रेखाटनानंतर.

नदीच्या पाण्यात कागदाची लव उठलेली फोटोतसुद्धा दिसते आहे. म्हणजे कागद ड्रॉइंग बुकाचा किंवा रेखाटनाचा साधा कार्ट्रिज पेपर असणार. तेव्हा तूर्त सूनबाई आणि दुकानदार, दोघांचंही ऐकू नका. या कागदावर जगातले सर्वांत महाग रंग लावले तरी हेच होईल, आणि सराव कितीही वाढवलात तरी हेच होईल. तीन हजारांतले निम्म्याहून जास्त पैसे कागदावर घाला. उरलेल्यांत रंग आणि ब्रश बसवू.

कागद घेताना दोन गोष्टी बघायच्या. एक, ३०० जीएसएम. एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन म्हणजे जीएसएम. शाळेच्या ड्रॉइंग बुकाचा कागद याच्या निम्मा किंवा त्याहूनही हलका असतो, म्हणून पाणी लागलं की तो फुगतो आणि वाकतो. मग रंग खळग्यांत साचतो. दुसरी गोष्ट, 'शंभर टक्के कॉटन' असं छापलेलं हवं. स्वस्त कागद लाकडाच्या लगद्याचा असतो. कापसाच्या तंतूंचा कागद पाणी सगळीकडे सारखं घेतो, ते जास्त वेळ धरून ठेवतो आणि ब्रशनं घासला तरी सोलवटत नाही. शिवाय चांगल्या जलरंग कागदाला जिलेटिनचं किंवा तसल्याच एखाद्या पदार्थाचं साइझिंग केलेलं असतं, म्हणजे खळ दिलेली असते. त्यामुळे रंग टाकल्या टाकल्या आत शोषला जात नाही. थोडा वेळ वरच राहतो आणि तुम्हाला विचार करायला सवड मिळते. साध्या कागदावर ही सवडच नसते. नवशिक्याला वाटतं आपला हात चालत नाही, पण त्याला कागदानं वेळच दिलेला नसतो.

पोताचे तीन प्रकार दुकानात दिसतील. हॉट प्रेस म्हणजे गुळगुळीत, रफ म्हणजे खडबडीत, कोल्ड प्रेस मधला. तुम्ही कोल्ड प्रेस घ्या. पॅडपेक्षा सुटा ताव परवडतो. पूर्ण ताव २२ बाय ३० इंचांचा असतो, त्याचे आठ तुकडे केले की साडेसात बाय अकरा इंचांचे कागद होतात. सुरुवातीला याहून मोठा आकार नकोच. आर्चेस, सॉंडर्स वॉटरफोर्ड हे परदेशी कागद नावाजलेले आहेत, पण महाग आहेत. दोन-तीन ताव त्यांतले घ्या आणि सरावासाठी एखाद्या भारतीय कंपनीचं कॉटनचं पॅड. पुण्याला कुणाची फेरी होणार असेल तर शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतूनही मागवता येईल, फक्त जलरंगासाठी हवाय आणि साइझिंग केलेला हवाय असं स्पष्ट सांगायला लावा. ग्रीटिंग कार्डांचा हातकागद दिसायला सुंदर असतो, पण रंग टिपकागदासारखा पिऊन टाकतो. आणि कागद वाया जाईल म्हणून जपून ठेवू नका. बिघडलेल्या चित्राची पाठकोरी बाजू वॉशच्या, म्हणजे पाणीदार रंगाचा सलग थर देण्याच्या, सरावाला वापरा.

आता तुमच्या गावापुरती एक सूचना. कोकणातल्या पावसाळी हवेत कागदाचं साइझिंग मरतं. उघड्यावर पडलेल्या तावावर नंतर वॉश दिला की मध्येच ठिपके ठिपके खोल शोषले जातात, आणि ते मागाहून काही केल्या निघत नाहीत. कागद आणल्या दिवशीच प्लॅस्टिकच्या मोठ्या पिशवीत घाला, सोबत सिलिका जेलच्या दोन-चार पुड्या टाका आणि पिशवी कपाटात भिंतीला न टेकवता आडवी ठेवा. तरीही एखादा ताव मेलाच, तर तो पेन-शाईच्या रेखाटनांना चालतो.

काम करताना कागद बोर्डावर चारही बाजूंनी मास्किंग टेपनं चिकटवा. या आकाराला आणि या जाडीला कागद भिजवून ताणण्याचा खटाटोप लागत नाही.

आता रंग. डब्यातले ४८ रंग ही सोय नव्हे, अडचण आहे. झाड आलं की हात हिरव्या वडीकडे जातो, सावली आली की काळ्याकडे, त्यामुळे दोन रंग एकमेकांत मिसळल्यावर काय होतं ते कळतच नाही. शिवाय स्वस्त वड्यांत रंगद्रव्य कमी आणि खडूसारखा भर जास्त असतो. असे तीन रंग एकत्र आले की मळ तयार होतो. तुमच्या सावल्या मळकट होण्याचं निम्मं कारण हे.

उरलेलं निम्मं कारण आपल्या ग्रेड परीक्षांत आहे. तिथे बहुतेक सगळे पोस्टर कलर वापरायचे. पोस्टर कलर अपारदर्शक, त्यामुळे गडदावर फिकं लावता येतं आणि सगळं झाल्यावर पांढऱ्याचे ठिपके देऊन चकाकी आणता येते. ती सवय तुमच्या हातात अजून आहे. गोवळकोटच्या तटावरचं ऊन तुम्ही शेवटी पांढऱ्या रंगानं लावलंय, म्हणून ते ऊन न वाटता चुना वाटतो. पारदर्शक जलरंगात रंगद्रव्याचे कण बाभूळकुळातल्या झाडाच्या डिंकात धरलेले असतात. उजेड त्या पातळ थरातून आत जातो, पांढऱ्या कागदावर आपटतो आणि रंग घेऊन परत येतो. चित्राचा सगळा झळाळ तिथून येतो. पांढरा किंवा काळा मिसळलात की ती वाट बुजली. म्हणून इथे फिक्याकडून गडदाकडे जायचं. जिथे ऊन हवं तिथला कागद पहिल्यापासून कोरा राखायचा, आणि तो कुठे राखायचा हे रंग भिजवण्यापूर्वी ठरवायचं.

सात ट्यूब पुरतील. लेमन यलो, यलो ऑकर, लाइट रेड, बर्न्ट सिएना, पर्मनंट रोझ, अल्ट्रामरीन ब्लू आणि थॅलो ब्लू. कॅमलच्या विद्यार्थी मालिकेऐवजी आर्टिस्ट क्वालिटीच्या ट्यूब घ्या, किंवा विन्सर अँड न्यूटनची कॉटमन मालिका. ती त्यांची विद्यार्थी मालिकाच आहे, पण शिकायला पुरेशी आहे. ट्यूबवर बारीक अक्षरांत रंगद्रव्याचा क्रमांक असतो. अल्ट्रामरीनवर पीबी २९ असेल, थॅलोवर पीबी १५. एकच क्रमांक असेल तर आत एकच रंगद्रव्य आहे, आणि अशा रंगांची मिश्रणं स्वच्छ होतात. दोन-तीन क्रमांक असतील तर दुकानात आधीच मिश्रण झालेलं आहे. सॅप ग्रीन हा बहुतेक वेळा असाच निघतो. जुना अलिझरिन क्रिमसन, पीआर ८३, उजेडात उडतो. म्हणूनच मी पर्मनंट रोझ सांगितला, त्यावर पीव्ही १९ आहे ना ते बघून घ्या. ट्यूबमधला रंग पॅलेटच्या कप्प्यात पिळून वाळू द्या, लागेल तेव्हा पाण्यानं मऊ करून घ्या. रोज नवा पिळायची गरज नाही.

या सातांतली माझी लाडकी जोडी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना. निळा जास्त घातला की आषाढातला ढग, तपकिरी जास्त घातला की पावसानं भिजलेलं खोड, सारखे घातले की असा राखाडी की काळ्याची आठवणही येत नाही. पहिले काही आठवडे फक्त याच दोन ट्यूबांवर चित्रं करा. सगळ्या सावल्या सुधारतील.

हिरव्याचं दुखणं कोकणात जास्त आहे, कारण जून ते ऑक्टोबर सगळंच हिरवं असतं. डब्यातला एकच हिरवा सगळीकडे लावला की प्लॅस्टिक दिसणारच. लेमन यलोत थॅलो ब्लूचा अगदी कणभर घाला, भाताच्या रोपांचा हिरवा मिळेल. थॅलो फार जोरदार रंग आहे, ब्रशच्या टोकाला लागेल तेवढाच घ्या. यलो ऑकर आणि अल्ट्रामरीन मिसळलेत की लांबच्या डोंगरावरच्या झाडीचा मवाळ हिरवा. थॅलो आणि लेमनमध्ये बर्न्ट सिएना टाकला की आंब्याचा जून, काळपट हिरवा. एका चौकोनी कागदावर असे वीस तरी हिरवे करून खाली कशात काय घातलं ते लिहून ठेवा, तो कागद पुढे रोज उपयोगी पडेल. गोवळकोटचा जांभा दगड लाइट रेडमध्ये यलो ऑकर घालून येईल, आणि सावलीच्या बाजूला त्यातच थोडा अल्ट्रामरीन.

ब्रशवर फार खर्च नको. गोल १० किंवा १२ नंबरचा एक, गोल ६ नंबरचा एक आणि एक इंची चपटा एक. सिंथेटिक चालतील, चांगले मिळतात. दुकानातच पाण्यात बुडवून झटका द्या. टोक आपोआप एकत्र आलं तर घ्या, फाटलं तर परत ठेवा. मोठा ब्रश बघून घाबरू नका. टोक चांगलं असेल तर १२ नंबरनं विजेची तारसुद्धा काढता येते, आणि पाणी भरपूर धरत असल्यानं वॉश अर्ध्यात तुटत नाही. कुणी मुंगसाच्या केसांचा 'खास' ब्रश देऊ केला तर मुळीच घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो व्यवहार गुन्हा आहे, आणि एवढ्याशा केसांसाठी ते जनावर मारलं जातं. पाण्याची भांडी दोन ठेवा, एकात ब्रश धुवायचा आणि दुसऱ्यातलं स्वच्छ पाणी रंगात घ्यायचं. मांडीवर एक जुनं सुती फडकं. ब्रश भांड्यात टोकावर उभा करून विसरू नका.

आता तुमच्या आकाशातल्या डागांकडे येतो, कारण जलरंगाची खरी गोम तिथेच आहे. या डागाला चित्रकार बॅकरन म्हणतात, आणि कडेचा आकार फ्लॉवरच्या भाजीसारखा दिसतो म्हणून फ्लॉवरही म्हणतात. तुम्ही आकाशाचा वॉश दिलात, तो अर्धवट वाळला, तेवढ्यात एक ढग नीट करावासा वाटला, म्हणून भरलेला ब्रश परत टेकवलात. ब्रशमध्ये पाणी जास्त, कागदावर कमी. ते जास्तीचं पाणी कागदावर पसरत गेलं, वाटेतलं रंगद्रव्य ढकलत नेलं आणि थांबलं तिथे त्याचा काठ धरला. यात रंगाचा काही दोष नाही.

उपाय असा की रंगाकडे बघणं कमी करून कागदाच्या ओलीकडे बघायचं. बोर्ड डोळ्यांच्या पातळीला आणून उजेडाच्या दिशेनं तिरका बघा. पहिल्या अवस्थेत कागदावर पाणी साचलेलं दिसेल, तेव्हा काही करू नका, जादा पाणी कडेनं फडक्यानं टिपा. मग कागद एकसारखा चकाकतो. ओल्यावर ओलं काम करायचं ते याच वेळी. ढगाखालची सावली, धुक्यातला डोंगर आता टाका, कडा आपोआप विरघळतील. त्यानंतर चकाकी जाते, कागद निस्तेज दिसतो, पण आत ओल असते. हीच धोक्याची वेळ, तुमचे सगळे डाग या वेळेत पडलेत. इथे हात मागे घ्यायचा. अगदीच काही टाकायचं असेल तर ब्रश फडक्यावर टिपून, घट्ट रंग घेऊन. ब्रश कागदाहून कोरडा असला की फ्लॉवर होत नाही. शेवटी कागद पूर्ण वाळतो. वाळला की नाही हे बघायला तळहात नको, तळहाताचं तेल लागतं. मनगटाची पाठ कागदाजवळ न्या. गार लागलं तर अजून ओल आहे. पूर्ण वाळल्यावरच वरचा दुसरा पारदर्शक थर द्यायचा, तोही एका हातात, खालचं न चाळवता.

या अवस्था किती मिनिटांच्या, असं मला पत्रातून सांगता येणार नाही. मे महिन्यात दुपारी पंख्याखाली बसलात तर चकाकी बघता बघता उडेल. जुलैत चिपळूणला तोच वॉश पाऊण तास ओला राहील. म्हणून व्हिडिओत बघून 'आता दोन मिनिटं थांबा' म्हटलं की थांबणं, हे आपल्याकडे उपयोगाचं नाही. पावसाळ्यात ओल्यावर ओलं कामाचा सराव करा, तेव्हा वेळ भरपूर मिळतो. थरावर थर द्यायचे असतील तर केस वाळवायचा ड्रायर लांबून, कमी उष्णतेवर धरा, पण चकाकी गेल्यानंतरच, नाहीतर वाऱ्यानं रंग पळेल. मे महिन्यात सकाळी लवकर बसा आणि कागद आधी स्वच्छ पाण्यानं दोनदा ओला करून घ्या.

यासाठी एक सराव सांगतो, तो चित्रांपेक्षाही आधी करा. कागदाच्या एका पट्टीवर अल्ट्रामरीनचा सपाट वॉश द्या. मग दर मिनिटाला, डावीकडून उजवीकडे सरकत, त्यात बर्न्ट सिएनाचा एकेक ठिपका टाका. पहिले ठिपके पसरून नाहीसे होतील, मधले फुलतील, पुढचे फ्लॉवर करतील, शेवटचे कडक कडेचे बसतील. पट्टीवर वेळा लिहा. हीच पट्टी पावसाळ्यात, थंडीत आणि उन्हाळ्यात पुन्हा करा.

सपाट वॉशची युक्ती थोडक्यात सांगतो. पॅलेटमध्ये लागेल त्याच्या दुप्पट रंग आधी कालवून ठेवा. बोर्डाखाली एखादं पुस्तक सरकवून उतार द्या. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पट्टा ओढा, त्याच्या खालच्या कडेला रंगाचा ओघळ जमेल, पुढचा पट्टा त्या ओघळाला स्पर्श करत ओढा. मागे वळून दुरुस्ती नाही. शेवटचा ओघळ कोरड्या ब्रशनं टिपून घ्या, तो राहिला तर परत वर चढून डाग करतो. रंग ओला असताना वाटतो त्यापेक्षा वाळल्यावर चांगलाच फिका होतो, तेव्हा थोडा जास्त गडदच कालवा.

नदीवरची चमक पांढऱ्या रंगानं न करता ड्राय ब्रशनं करा. जवळजवळ कोरडा ब्रश आडवा धरून कागदावरून भरभर फिरवला की रंग उंचवट्यांना लागतो आणि खळगे कोरे राहतात, तीच चमक. अबोलीच्या चित्रात फुलं रंगवून मग भोवती पान भरण्याऐवजी उलट करा. सगळीकडे फिका केशरी वॉश, तो वाळला की फुलांच्या भोवतीचा गडद हिरवा भरत फूल कापून काढा. मीठ टाकून पोत आणणं, मास्किंग फ्लुइड, मेणबत्ती घासणं, असले प्रयोग तूर्त राहू द्या. ते करायला मजा येते, पण सगळ्यांची मीठ टाकलेली चित्रं एकसारखी दिसतात.

आणि चांगली जलरंग चित्रं प्रत्यक्ष बघा. मोबाइलच्या पडद्यावर कागद दिसत नाही. सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) तुमच्याच कोकणातले. हातात समई घेतलेल्या स्त्रीचं त्यांचं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. अनेक जण ते तैलचित्र समजतात, काही तर राजा रविवर्म्याचं समजतात, पण ते जलरंगातलं आहे. ज्योतीचा उजेड भोवतीच्या अंधारामुळे कसा उजळतो, ते त्यात बघण्यासारखं आहे. कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांनी रंकाळा आणि कोटितीर्थाच्या परिसरात केलेली निसर्गचित्रं बघायला मिळाली तर सोडू नका. पाण्याकाठची हवा कशी रंगवावी हे तिथे कळतं, आणि वाशिष्ठीच्या काठी राहणाऱ्याला ते कळायलाच हवं.

चित्र भिंतीवर लावायचं तर काच हवी आणि काच व चित्र यांच्यात माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची, जाडी हवी. काच कागदाला चिकटली की कोकणात बुरशी ठरलेली. पश्चिमेच्या, पावसाची ओल झिरपणाऱ्या भिंतीवर किंवा थेट ऊन येणाऱ्या जागी लावू नका. फ्रेमवाल्याला ॲसिड-फ्री माउंट मागा, मिळाला नाही तर तुमच्याच जलरंग कागदाची पट्टी मध्ये घालायला सांगा.

राहिला क्लास. लगेच नको. वर सांगितलेला कागद आणि दोन ट्यूब घेऊन दोन महिने काम करा, म्हणजे आपलं नक्की कुठे अडतंय ते कळेल. मग शोधा. सावर्ड्याला सह्याद्री शिक्षण संस्थेचं चित्र-शिल्प महाविद्यालय तुमच्यापासून जवळ आहे, तिथे प्रदर्शन असेल तर जाऊन या आणि चौकशी करा. शिक्षक निवडताना त्यांची तयार चित्रं बघून भुलू नका. कोऱ्या कागदापासून शेवटपर्यंत एक चित्र समोर करून दाखवतात का ते विचारा, आणि ते करत असताना त्यांच्या ब्रशपेक्षा ते कधी थांबतात इकडे लक्ष ठेवा. तयार फोटोवरून सगळ्यांना एकच चित्र करायला लावणारा क्लास असेल तर फी भरू नका, त्या पैशांत आणखी ताव येतील.